स्टॉम्पिन टॉम: देशप्रेम की गावांची यादी?

सुरंगी (ओंटारिओ)
शनिवारी मित्रमंडळींत स्टॉम्पिन टॉम कॉनर्सवरून चांगलाच वाद झाला: त्याच्या गाण्यांत देशप्रेम आहे की नुसती गावांची यादी? म्हणून हा धागा. ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी: कॅनडाचा कंट्री-लोकगायक, स्वतःच गाणी लिहायचा. जन्म १९३६, सेंट जॉन. लहानपण आईबरोबर वणवण, मग अनाथालय, मग प्रिन्स एडवर्ड बेटावर दत्तक. पोरवयातच घर सोडलं आणि गिटार घेऊन देशभर लिफ्ट मागत फिरला. १९६४ मध्ये ओंटारिओतल्या टिमिन्स गावच्या मेपल लीफ हॉटेलात बियरला पाच सेंट कमी पडले. बारवाला म्हणाला, गाणी म्हण. तिथेच वर्षभराहून जास्त मुक्काम पडला. बुटाने असा ठेका धरायचा की खाली प्लायवूडची फळी ठेवावी लागे. २०१३ मध्ये गेला.

त्याच्या गाण्यांत झेंडा क्वचितच येतो. येतो तो बेटावरचे बटाटे टोरांटोला नेणारा ट्रकवाला, सडबरीच्या निकेल खाणीतले कामगार आणि त्यांची शनिवारची रात्र, टिल्सनबर्गची तंबाखूतोडणी. कष्टकऱ्याला त्याच्या गावाच्या नावानिशी गाण्यात बसवणं, मला हेच खरं देशप्रेम वाटतं.

कृष्णाकाठ
सुरंगीताई, नाही पटलं. गावाचं नाव घेतलं की त्या गावचे लोक टाळ्या देणारच. यमक जुळवून नावं ओवली म्हणजे देश गाण्यात आला असं होत नाही. आणि कुठला देश? इंग्रजी बोलणारा, गोरा, खेड्यातला. मूळनिवासी त्यात किती दिसतात? माझा टॅक्सी चालवणारा शेजारी त्यात कुठे आहे?

सुरंगी (ओंटारिओ)
शेजारी नाही, हे मान्य. पण नुसती यादी म्हणता, तर ‘टिल्सनबर्ग’ हे गाणं पुन्हा ऐका. तंबाखू तोडून त्याची स्वतःची पाठ मोडली होती, नाव काढलं तरी दुखते म्हणतो. स्वतः राबलेला माणूसच असं लिहू शकतो.

हिवरेकर
त्याच शेतांवर आज मेक्सिको आणि कॅरिबियनमधून हंगामी मजूर येतात. जमैकाच्या मजुरांसाठी हंगामी कामाची ही सरकारी योजना १९६६ पासून आहे. त्यांच्या पाठीही तशाच दुखतात, पण हंगाम संपला की त्यांना परत जावं लागतं. कृष्णाकाठ यांचा मुद्दा इथे लागू पडतो. तरी माझ्या मते गाणं छोटं ठरत नाही. दुखणं अजून तेच आहे, गाणारा बदलायला हवा.

दूरदेशी
मला खटकतं ते वेगळंच. १९७८ मध्ये त्याने आपले सहाही जुनो पुरस्कार (कॅनडाचे संगीत पुरस्कार) परत केले, कारण अमेरिकेत जाऊन बस्तान बसवलेल्या कलाकारांना कॅनडाचा मान मिळत होता. मग कित्येक वर्षं मंचापासून दूर राहिला. लोक याला बाणेदारपणा म्हणतात. मी सोलापूर सोडून २२ वर्षं झाली. माझं मराठी लिखाण मराठी नाही असं उद्या कोणी म्हणालं, तर मी काय करू? सीमा ओलांडली की माणूस परका, हा हिशेब मला भोवणारा आहे, आणि या धाग्यावरच्या बहुतेकांना.

सुरंगी (ओंटारिओ)
दूरदेशी, याचं उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. तुमची भीती मलाही आहे. पण तेव्हाची परिस्थिती बघा. शेजारी अमेरिकेसारखा बलाढ्य, रेडिओवर गाणी तिकडची. ३० टक्के संगीत तरी देशी वाजवा, असा नियम १९७१ मध्ये सरकारला करावा लागला. त्याच वर्षी टॉमने बूट रेकॉर्ड्स ही ध्वनिमुद्रिका कंपनी काढली आणि तिथे इतरांचीही गाणी छापली. नुसती तक्रार करून तो बसला नव्हता. त्याचा राग सोडून गेलेल्यांपेक्षा, गेल्याशिवाय किंमतच न देणाऱ्या व्यवस्थेवर होता, असं मी वाचते.

दूरदेशी
तुम्ही तसं वाचता. मानचिन्हं परत गेली ती मात्र माणसांकडे बोट दाखवून. बूट रेकॉर्ड्सचा मुद्दा घेतला, तो मोठाच आहे. बाकी मी मागे घेत नाही.

कृष्णाकाठ
एक कबूल करतो. माझी मुलगी बर्फावरच्या हॉकीला जाते. मैदानात त्याचं हॉकीचं गाणं लागलं की सामन्याच्या तीन डावांची तीन कडवी, सगळं तोंडपाठ म्हणते, शेजारच्या टॅक्सीवाल्याच्या मुलासोबत. गाणाऱ्याचं नाव दोघांनाही माहीत नाही.

हिवरेकर
नाव सांगा त्यांना. आणि टिल्सनबर्गही ऐकवा.