बंदीच्या ठरावाआधी विहिरींना टेप लावा

गावातलं भूजल टिकवायचं तर ‘ऊस आणि बोअरवर सरपंचाने सरळ बंदी घालावी, समजावत बसू नये’ असं काहीजण म्हणतात. हे म्हणणं अर्धंच पटतं. खोल बोअरवर बंदी कायद्यात आहेच. २००९ च्या भूजल कायद्यात शेतीच्या बोअरला ६० मीटरची, म्हणजे साधारण २०० फुटांची मर्यादा आहे. तरी लातूर-बीडकडे सातशे-आठशे फूट सर्रास जातात. बोअर मारायची गाडी रात्री येते, पहाटे निघते. पहारा कोण देणार?

पटवायचं तर भाषण नको, आकडे हवेत. ऑक्टोबरात पाऊस थांबला की शिवारातल्या आठ-दहा विहिरींची पातळी चारचौघांसमोर टेपने मोजायची. मोजायच्या आधी रात्रभर मोटार बंद, नाहीतर आकडा खोटा येतो आणि पहिल्याच सभेत तोंडघशी पडायला होतं. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर, हा हिशेब फळ्यावर मांडायचा. मोकाट पाण्यावर, म्हणजे ठिबक न लावता पाटाने पाणी सोडलं तर, हेक्टरभर उसाला दोन कोटी लिटरच्या आसपास लागतं, हरभऱ्याचं त्याच्या आठव्या-दहाव्या हिश्श्यात भागतं. मग कोणाचा ऊस कोणाची विहीर आटवतोय ते लोकच बोलायला लागतात. (सरपंचाच्या भावकीचा ऊस उभा असेल तर हे सगळं मुसळ केरात.)

सक्ती राखून ठेवावी ती पिण्याच्या पाण्यापुरती. सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत कोणी विनापरवाना बोअर घेत असेल, तर तिथे मनधरणी नको, लगेच तहसीलला लेखी अर्ज, गाडी उभी असतानाच.