‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ वाचण्यापूर्वी इतिहास किती वाचावा?

प्रश्न : शब्दसखी

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात दर पंधरवड्याला वाचनगट भरतो. पुढच्या दोन महिन्यांसाठी आम्ही हार्पर ली यांची १९६० साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी निवडली आहे. गटात निवृत्त शिक्षक आहेत आणि महाविद्यालयात शिकणारी मुलेही आहेत. मात्र अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली, यापलीकडे आमच्यापैकी बहुतेकांना त्या इतिहासाची ओळख नाही. मागच्या वर्षी एका युरोपीय कादंबरीआधी मी वीस पानांचे टिपण वाटले, आणि मग चर्चेत कादंबरीतील माणसे बाजूला राहून माझ्या टिपणातील सनावळ्यांवरच सगळे बोलत राहिले. तसे पुन्हा व्हायला नको आहे. तरीही काहीच न सांगता पुस्तक हाती दिले, तर निम्मे संदर्भ निसटतील अशी भीती वाटते. नेमका कोणता इतिहास आधी सांगावा? कृपया शेवट उघड करू नये.

उत्तर १ : जुनी बखर

मी बरीच वर्षे शाळेत इतिहास शिकवला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. या कादंबरीला दोन काळ आहेत, आणि ते वेगळे ठेवणे हीच खरी तयारी आहे. कथा घडते ती १९३३ ते १९३५ या वर्षांत, अलाबामा राज्यातील मेकोम्ब नावाच्या काल्पनिक गावात. स्काउट या लहान मुलीचे वकील वडील तेथे बलात्काराचा आरोप असलेल्या एका कृष्णवर्णीयाचा खटला लढवतात. महामंदी चालू आहे आणि कापसाचा भाव कोसळला आहे. सुरुवातीच्याच प्रकरणांत वकिलाची फी पैशांऐवजी सरपण देऊन फेडणारा एक शेतकरी भेटतो. त्या एका प्रसंगातून मंदी जितकी कळते, तितकी आकडेवारीतून कळणार नाही.

त्या काळाविषयी एकच घटना सांगायची झाली, तर स्कॉट्सबरोचा खटला सांगा. मार्च १९३१ मध्ये अलाबामात मालगाडीतून प्रवास करणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय तरुणांवर आणि पोरवयातील मुलांवर दोन गोऱ्या स्त्रियांनी बलात्काराचा आरोप केला, आणि अटकेनंतर अवघ्या पंधरा दिवसांत त्यांपैकी आठ जणांना मृत्युदंड सुनावला गेला. १९३३ मध्ये त्या दोघींपैकी एकीने भर न्यायालयात आपला आरोप मागे घेतला, तरीही ज्यूरीने आरोपीला दोषीच ठरवले. फाशी कोणालाही झाली नाही, पण अनेकांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली. कादंबरी म्हणजे या खटल्याचीच गोष्ट, असे मात्र गटाला सांगू नका. तशा खटल्यांची हवा कशी होती, एवढेच त्यातून समजते.

दुसरा काळ लेखनाचा. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शाळांमधील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवले, आणि डिसेंबर १९५५ मध्ये अलाबामाच्याच मॉन्टगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला, तो ३८१ दिवस चालला. कादंबरी ज्यांनी पहिल्यांदा वाचली, त्यांच्या भोवती हे सारे पेटलेले होते. हा दुसरा भाग वाचन संपल्यावरच सांगावा, असे माझे मत आहे.

उत्तर २ : पक्षकार

वरच्या उत्तरात ज्यूरीचा उल्लेख आहे, पण आपल्याकडील तरुण वाचकाला ज्यूरी म्हणजे काय हेच सांगावे लागते : आरोपी दोषी की निर्दोष याचा कौल देणारे सामान्य नागरिकांचे मंडळ. मराठी वाचकाला त्यासाठी नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील खुनाचा खटला आठवून द्यावा. १९५९ साली मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले, पण न्यायाधीशांनी तो कौल न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, आणि तेथे शिक्षा झाली. अमेरिकेत हा मार्ग नाही. ज्यूरीने सोडलेला आरोपी कायमचा सुटतो. १९५५ साली मिसिसिपीमध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला. त्याच्या आरोपींना गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने तासाभराहून थोड्याच अधिक वेळात सोडून दिले. पुढे त्यांनी एका नियतकालिकाकडे खुनाची कबुली दिली, तरी त्यांच्यावर पुन्हा खटला भरता आला नाही.

म्हणून ज्यूरीत कोण बसते, हा प्रश्न गटाने मनात ठेवूनच खटल्याची प्रकरणे वाचावीत. अलाबामाने १९०१ च्या राज्यघटनेत मतदानासाठी कर आणि साक्षरतेची अट घालून कृष्णवर्णीयांना जवळजवळ पूर्णपणे मतदारयादीबाहेर ठेवले, आणि ज्यूरीच्या याद्यांतूनही त्यांची नावे गाळली जात होती. तेथे स्त्रियांनाही १९६६ पर्यंत ज्यूरीत स्थान नव्हते. एवढे ठाऊक असले, की वकिलाचे भाषण कितीही उत्तम असले तरी ते कोणासमोर चालले आहे, हे वाचक विसरत नाही.

उत्तर ३ : ओसरी

मला दोन्ही उत्तरे मोलाची वाटली, तरी क्रमाबद्दल माझे मत वेगळे आहे. पहिली अकरा प्रकरणे, म्हणजे कादंबरीचा पहिला भाग, काहीही न सांगता वाचू द्यावा. निवेदन करणारी स्काउट सुरुवातीला सहा वर्षांची आहे. तिला जग जसे हळूहळू कळते, तसेच वाचकालाही कळावे अशी लेखिकेची रचना आहे, आणि आधीच सर्व माहीत असलेला वाचक त्या मुलीच्या फार पुढे निघून जातो.

मग बाराव्या प्रकरणाआधी थांबावे. त्यात स्काउट आणि तिचा भाऊ कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये जातात. मुक्त झालेल्या गुलामांनी आपल्या पहिल्या कमाईतून ते विकत घेतलेले आहे. तेथे प्रार्थनागीतांची पुस्तके नाहीत. एक जण ओळ म्हणतो आणि बाकीचे ती उचलतात, कारण बहुतेकांना वाचता येत नाही. १८३२ च्या कायद्याने अलाबामात गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हा दंडनीय गुन्हा ठरवला होता, आणि पुढे त्याच राज्याने मतदानासाठी साक्षरतेची अट घातली. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, की ते चर्च वेगळेच दिसू लागते. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केली, हे गटाला येथे अवश्य सांगावे. मात्र चर्चा लगेच जातिव्यवस्थेकडे वळवू नये. अलाबामातील माणसांचे म्हणणे आधी पूर्ण ऐकून घ्यावे.

शब्दसखी

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या दोन बैठकांत अकरा प्रकरणे टिपणाविना वाचू. तिसऱ्या बैठकीत स्कॉट्सबरो आणि ज्यूरी यांविषयी एकच पान देईन, आणि मॉन्टगोमेरी व एमेट टिल शेवटच्या बैठकीसाठी ठेवीन. एक शंका उरली आहे : कादंबरीत कृष्णवर्णीयांसाठी वापरलेली शिवी मोठ्याने वाचताना काय करावे?

ओसरी

ती मोठ्याने उच्चारू नये, क्षणभर थांबून पुढे वाचावे. पण पानावरून खोडूही नये. स्काउटने तो शब्द वापरल्यावर तिचे वडील तिला काय सांगतात, ते नवव्या प्रकरणात आहे. तो संवाद मात्र पूर्ण वाचावा.