सात फळ्यांच्या कोळसा वॅगनचं किट ड्रॉइंगशी जुळत नाहीये, चूक कोणाची?

मालडबा
नमस्कार मंडळी. ४ मिमी स्केलमधलं, म्हणजे १:७६.२ चं, ब्रिटिश कोळसा वॅगनचं प्लास्टिक किट घेतलंय. खोक्यावर १९२३ च्या आरसीएच (रेल्वे क्लिअरिंग हाऊस, म्हणजे ब्रिटिश रेल्वे कंपन्यांची सामायिक संस्था) नमुन्याची १२ टनी, सात फळ्यांची वॅगन असं लिहिलंय. अजून काहीच चिकटवलं नाहीये कारण आधी मोजून बघावं म्हटलं. व्हर्नियरने हेडस्टॉकपासून (टोकाच्या आडव्या तुळईपासून) हेडस्टॉकपर्यंत ६६.१ मिमी आलं, व्हीलबेस (दोन आसांमधलं अंतर) बरोबर ३६. पण माझ्याकडे याच वॅगनचं एक छापील ड्रॉइंग आहे, त्यावर स्पष्ट '४ मिमी स्केल' लिहिलंय, आणि त्यावर भाग ठेवला की दोन्ही टोकांना जवळजवळ मिलिमीटरभर कमी पडतो. ड्रॉइंगवर लांबी ६८ भरते. आता कापून वाढवू का तसंच राहू दे? आणि मुळात किट अचूक आहे की नाही हे तुम्ही लोक कसं ठरवता?

बफर_ते_बफर
थांबा, करवत हातात घेऊ नका!! ड्रॉइंगवर पट्टी ठेवून मोजायचंच नसतं, त्यावर लिहिलेले आकडे वाचायचे असतात. या वॅगनची लांबी १६ फूट ६ इंच आणि व्हीलबेस ९ फूट, फुटाला ४ मिमी धरले तर ६६ आणि ३६, म्हणजे तुमचं किट अगदी बरोबर आहे. ड्रॉइंगवर व्हीलबेस किती येतो ते मोजून सांगा बरं. ३७ च्या आसपास आला तर ड्रॉइंग छापताना सरसकट ३ टक्के मोठं झालंय आणि विषय संपला. आडवं उभं वेगवेगळं ताणलेलं पण असू शकतं, म्हणून एखादं उभं माप पण तपासा, उदा. चाक. खरं चाक ३ फूट दीड इंच म्हणजे साडेबारा मिमी, गाळा १२ मिमीचं चाक बसवायला दिलेला असतो तो अर्धा मिमी मी तरी सोडून देतो.

एक अंदाज डोक्यात ठेवा, या स्केलला १ इंच म्हणजे ०.३३ मिमी. तुमचा ०.१ चा फरक खऱ्या वॅगनवर पाव इंचाच्या जवळपास आहे, तेवढा तर लाकडी डबा वापरून वापरून हलतो.

मालडबा
मोजलं, ड्रॉइंगवर व्हीलबेस ३७.१ आला! चाक १२.९. म्हणजे सगळीकडे ३ टक्केच. जीव भांड्यात पडला. मग किट अचूक आहे असं समजू ना?

ब्रेकशू
लांबी बरोबर आली म्हणजे वॅगन बरोबर आली असं नाही हो. माझ्या मते खरी परीक्षा खाली असते, पण डब्याच्या फळ्या मोजून सगळे थांबतात. किट बनवणारे बरेचदा एकच अंडरफ्रेम (खालचा सांगाडा) चार वेगवेगळ्या डब्यांखाली देतात. तुमच्या किटमध्ये दोन्ही बाजूंचे ब्रेक आडव्या दांड्याने जोडलेत का बघा. तसं असेल तर तो मॉर्टन ब्रेक, आणि त्यात एका बाजूला क्लच लागतो कारण दोन्हीकडचे लिव्हर खाली दाबले तरी दांडा एकाच दिशेला फिरला पाहिजे. पण वॅगनला तळाला दरवाजे असतील तर तो दांडा कोळशाच्या वाटेत येतो, म्हणून तिथे दोन्ही बाजूंना स्वतंत्र ब्रेक असायचे. तेव्हा नुसतं आरसीएच म्हणून भागत नाही, नेमकी कुठली वॅगन आणि कुठल्या वर्षीची ते ठरवा, तिचा फोटो शोधा आणि मग किट त्याच्याशी ताडून बघा. फोटोवरून थेट मापं काढू नका, जरा तिरका असला की लांबी आखडते. पण काय आहे, काय नाही, किती आहे हे फोटोइतकं कुणीच सांगत नाही.

अजून एक जिथे खूप जण चुकतात. लिव्हरची मूठ दोन्ही बाजूंनी, आपण वॅगनकडे तोंड करून उभं राहिलो की उजव्या हाताला येते. पण टोकाचा दरवाजा एकाच टोकाला, त्यामुळे तो दाखवणारा तिरका पांढरा पट्टा एका बाजूला उजवीकडे चढतो तर दुसऱ्या बाजूला डावीकडे, आणि त्याचं वरचं टोक दरवाज्याकडे. दोन्ही बाजूंना एकच ट्रान्सफर (छापील चिकटचित्र) चिकटवला की एक बाजू चुकलीच.

पातळ_फळी
ब्रेकशू यांच्याशी १००% सहमत. मी फक्त जाडीचं सांगतो. खरी फळी अडीच इंचाची, म्हणजे जेमतेम ०.८ मिमी, आणि किटमध्ये दीड मिमीच्या वर सहज असते. वॅगन रिकामी ठेवणार असाल तर वरची कड आतून तासून पातळ करा, फार फरक पडतो, कोळसा भरणार असाल तर कशाला एवढा त्रास. आणि ओओ (या स्केलच्या मॉडेलांसाठी प्रचलित, थोड्या अरुंद) रुळावर चालवणार असाल तर तिथे एक तडजोड गृहीतच धरा. खरा गेज (दोन रुळांमधलं अंतर) या स्केलला १८.८३ मिमी होतो आणि ओओचा १६.५, म्हणजे प्रत्येक चाक सव्वा मिमीच्या आसपास आत सरकलेलं. ब्रेकचे शू (चाकावर दाबले जाणारे ठोकळे) स्केलप्रमाणे लावले तर चाकाच्या बाहेर लटकतात, मी ते आत घेऊन चाकासमोर आणतो. बाजूने बघताना चाकासमोर शू दिसला पाहिजे.

मालडबा
फोटो मिळाला. तळाच्या बाजूने थोडा खालून काढलाय, आडवा दांडा कुठेच दिसत नाही आणि पलीकडच्या बाजूचे शू पण दिसतायत, म्हणजे स्वतंत्र ब्रेक. किटमध्ये मात्र दांडा आणि क्लच दिलाय. शिवाय ट्रान्सफरच्या कागदावर दोन्ही पट्टे एकाच दिशेचे!! डबा तसाच ठेवतो, खालचे ब्रेक नवीन बनवतो, आणि एक पट्टा हाताने रंगवतो. जाडी आजच तासायला घेतली, एक बाजू ०.९ पर्यंत आली.