शेवटची अकरा पानं (प्रेमकथा वाचणाऱ्यांनो, या इकडे)

अर्धवट_पान
काल माळा आवरताना मावशीच्या पुस्तकांचं खोकं सापडलं. सगळ्यात वर तीच कादंबरी. पेपरचं कव्हर, त्यावर पेनाने मोठ्या अक्षरात 'भूमिती'. ते अक्षर माझंच.

चौदा वर्षांची होते. दोन दिवसांत फडशा पाडला, पण 'वाचून संपवली' असं म्हणता येत नाही, कारण शेवटची अकरा पानं नव्हतीच. पान १७६ वर ड्यूकसाहेब पावसात निथळत तिच्या दारात उभे, हातात तिचा हरवलेला हातमोजा, ते बोलायला तोंड उघडतात... आणि पुढे थेट मागचा पुठ्ठा.

लग्न होणार हे पहिल्या पानावरच कळलं होतं हो. मला हवी होती त्याची माफी. भर नाचाच्या दालनात चारचौघांत तिला तोडून बोलला होता मेला, त्यातून काय बोलून सुटतो ते बघायचं होतं. तेव्हापासून ती माफी मी डोक्यात स्वतःच लिहीत आलेय, निदान पन्नास तरी झाल्या असतील. काल परत वाचली तर ड्यूक भयंकर शिष्ट वाटला. तेव्हा कसा काय नव्हता वाटला कोण जाणे.

तुमचंही लिहा. जुन्या काळातल्या की आत्ताच्या, चोरून की उजळ माथ्याने, काय आवडतं, काय डोक्यात जातं.

चष्मावाली
भूमिती! हसून हसून पुरेवाट. माझ्या कव्हरवर 'नागरिकशास्त्र' होतं. तेवढ्या एकाच विषयात कोणी डोकावायचं नाही.

रात्रपाळी
फक्त ऐतिहासिक. तिथे अडचण खरी असते. इंग्लंडात १७५३ चा विवाह कायदा आला आणि एकवीसच्या आतल्यांना घरच्यांच्या संमतीशिवाय लग्न करणं मुश्कील झालं, म्हणून तर सगळ्या जोड्या रात्रीच्या घोडागाडीने स्कॉटलंडात, जिथे तो कायदा लागू नव्हता, सीमेवरच्या ग्रेटना ग्रीन गावी पळतात. घटस्फोट हवा तर १८५७ पर्यंत संसदेत स्वतंत्र कायदा मंजूर करून घ्यायचा. लग्न झालं की बाईच्या हातातला पैसा नवऱ्याचा. असं सगळं असताना ती 'हो' म्हणायला तीनशे पानं लावते यात नवल ते काय? एकदा चुकली की जन्माची अडकली.
आत्ताच्या कादंबऱ्यांत काय, तर त्याला कुणा मुलीला मिठी मारताना पाहिलं आणि ही नोकरी सोडून निघून गेली. ती बहीण निघते. अगं बाई, एक फोन कर ना!! थांबा, बेल वाजली.

सायलेंट_मोड
वाचतेय. मस्त धागा.

निवांत
रात्रपाळी, फोनचा मुद्दा शंभर टक्के मान्य. तरी मी आत्ताच्या काळातल्यांच्या बाजूने. बाहेरची अडचण नसते म्हणून तर आतली दिसते.
माझा घटस्फोट झाला त्या वर्षी मैत्रिणीने एक हातात कोंबली. नायिका बेचाळीसची, घटस्फोटित, पोरगी सहा वर्षांची. एक प्रसंग आहे, ती पोरीला झोपवायला आत जाते नि तिथेच तिचा डोळा लागतो. हा बाहेर एकटा. भांडी विसळून पालथी घालतो, ओटा पुसतो, फडकं पिळून नळावर वाळत टाकतो आणि दिवा मालवून आपल्या घरी जातो. त्या दोन पानांत प्रेमाचा एक शब्द नाही. फडकं पिळून, कळतंय का तुम्हाला? मी ओक्साबोक्शी रडले होते.

चष्मावाली
निवांत, तुला एक घट्ट मिठी. (आणि फडकं पिळणारा पुरुष ड्यूकपेक्षा दुर्मिळ.)

काटेकोर
ड्यूकही दुर्मिळच होते. या कादंबऱ्या बहुतेक रीजन्सी काळातल्या, म्हणजे इंग्लंडात आजारी राजाऐवजी राजपुत्र कारभार बघत होता तो काळ, १८११ ते १८२०. त्या काळात खरे ड्यूक मोजून दोन-तीन डझन, त्यातले किती म्हातारे, किती लग्न झालेले. कादंबऱ्यांतले तरणेबांड अविवाहित ड्यूक एकत्र केले तर अख्खी पलटण उभी राहील.
आणि नोकर ड्यूकला 'माय लॉर्ड' म्हणाला की माझं पुस्तक तिथेच मिटतं. 'युअर ग्रेस' म्हणायचं असतं. एकीत नायिका १८१५ साली काडेपेटी ओढून मेणबत्ती लावते. घासून पेटणारी काडी विकायला आली १८२७ मध्ये. दुसरीत उमराव 'ओके' म्हणतो. तो शब्द छापून आला १८३९ ला, तोही अमेरिकेत.

रात्रपाळी
काटेकोर, तुम्ही चुंबनाच्या वेळीही कॅलेंडर बघता का हो?

काटेकोर
मेणबत्ती विझेपर्यंत बघतो.

उगाचच
मी पुरुष आहे, चालेल ना इथे? आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला तिची पुस्तकं मी वाचून दाखवायचो. रोज एक प्रकरण. 'तसा' प्रसंग जवळ आला की दोन-तीन पानं एकदम उलटायचो आणि 'दुसऱ्या दिवशी सकाळी' असं म्हणून पुढे चालू. चौथ्या दिवशी आई डोळ्यांवर पट्टी तशीच ठेवून म्हणाली, "पानं चिकटलीत का रे? सोडव ती नीट. मी वाचलंय हे पुस्तक आधी."

चष्मावाली
अशक्य!!! काकूंना साष्टांग नमस्कार.

निवांत
मग सोडवलीत का पानं?

उगाचच
बायकोला बोलावलं वाचायला. मी बाहेर कपडे वाळत घातले.

दुसरी_आवृत्ती
मी जरा वेगळं लिहिते. कॉलेजात असताना १९७०-८० च्या दशकांतल्या जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या पिसाटासारख्या वाचल्या. त्यातल्या कितीतरींत नायक सरळ जबरदस्ती करतो आणि शेवटी तीच त्याच्या गळ्यात पडते. तेव्हा खटकलं नाही, हे आता लिहितानाही लाज वाटते. लेक सोळाची झाली आणि कपाटासमोर उभी राहून पुस्तकं चाळायला लागली, तेव्हा त्यातली चार काढून पलंगाखाली सरकवली. रद्दीत टाकवत नाहीत, वाचवतही नाहीत. नव्या ऐतिहासिक वाचल्या तर नायक आधी विचारतो. काटेकोर म्हणतील तेव्हा असं कुठे होतं. नसेल. मला वाचायला तेच हवंय.

काटेकोर
नाही म्हणत. एवढी चूक चालते मला.

अर्धवट_पान
दुसरी_आवृत्ती, अगदी! माझा ड्यूकही त्याच चार जणांच्या शेजारी झोपण्याच्या लायकीचा निघाला.

रद्दीतला_राजा
ऐतिहासिक आणि समकालीन ही वाटणी मला पटतच नाही. जेन ऑस्टिनचं १८१३ चं 'प्राइड अँड प्रेज्युडिस' तिच्या वाचकांसाठी समकालीनच होतं ना. परवा चाळीसेक वर्षांपूर्वीची एक 'आत्ताच्या काळातली' वाचली, त्यात ती त्याचा फोन येईल म्हणून तीन दिवस घराबाहेर पडत नाही. शेजारी भाची बसली होती, विचारते, "फोन घेऊन का नाही जात?" झाली ऐतिहासिक!
मिल्स अँड बून ही प्रेमकथांसाठी प्रसिद्ध इंग्रजी प्रकाशनसंस्था १९०८ मध्ये सुरू झाली तेव्हा निव्वळ प्रेमकथा काढत नव्हती, सगळ्या प्रकारची पुस्तकं छापायची. प्रेमकथांवर भर १९३० च्या दशकात आला, तेव्हा पैसे भरून पुस्तकं नेण्याची वाचनालयं होती, त्यांच्यासाठी तपकिरी बांधणीची पुस्तकं निघायची. म्हणजे पहिल्यापासून हातोहात फिरणारी वस्तू. अकरा पानं गळणारच.

घाईत_आहे
ऑडिओबुक ऐकत इस्त्री करत होते. तो म्हणाला "मी चुकलो", मी थांबले, इस्त्री थांबली, उशीच्या अभ्र्यावर तपकिरी त्रिकोण. अजून वापरते तो अभ्रा. बाकी नंतर लिहिते.

सायलेंट_मोड
अवांतर: अर्धवट_पान, खोक्यातल्या पुस्तकांना कसर लागलीय का? माझ्याकडच्यांत चंदेरी किडे झालेत.

अर्धवट_पान
लागलीय गं. कडा कुरतडल्यात. उपाय आहे का काही?

रद्दीतला_राजा
प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, पिशवी खोलीच्या तापमानाला येऊ दे, नाहीतर पानांवर पाणी धरतं.

रात्रपाळी
आले परत. अर्धवट_पान, एक सांग, त्या नायिकेचा भाऊ नौदलात असतो का? आणि हातमोजा हिरवा? असेल तर ती माझ्याकडे आहे. शेवटासकट.

अर्धवट_पान
हिरवाच!!! अगं आई गं.

रात्रपाळी
फोटो पाठवू पानांचे? तो काय म्हणतो ते आत्ता लिहू शकते इथे, दोनच ओळी आहेत.

अर्धवट_पान
दोनच??? नको. थांब. लिहू नकोस. एवढ्याशा दोन ओळींसाठी मी इतकी वर्षं... बरं, १७७ पाठव फक्त. बाकीची मागेन तेव्हा.

निवांत
तुझ्या पन्नास माफ्या चांगल्या म्हणून दोन ओळींवर रुसायचं नाही हं.

सायलेंट_मोड
राजा, जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकांनाही आठवडाच पुरतो का? फ्रीझरमध्ये जागा कमी आहे, तीन-तीन करून ठेवावी लागतील.