आधी चार्टर नंबर बघा
जुन्या नोटा जमवण्याच्या या चर्चेत वर कुणीतरी 'नोट जितकी जुनी तितकी महाग' असं म्हटलंय ते अमेरिकेच्या जुन्या नॅशनल बँक नोटांना तरी लागू पडत नाही हो. १८६३ ते १९३५ या काळात तिथल्या हजारो बँकांनी, अगदी बारक्या गावातल्यासुद्धा, स्वतःच्या नावाच्या नोटा काढल्या, त्यामुळे वर्षापेक्षा बँक कुठली आणि तिच्या किती नोटा आज शिल्लक आहेत यावर सगळं ठरतं. न्यूयॉर्क-शिकागोच्या मोठ्या बँकेची नोट सहज मिळते, पण एखाद्या खेडेगावातल्या बँकेची तीच वीस डॉलरची नोट, जरा मळकी असली तरी, लोक शोधत असतात.

अजून एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही. मी इथे न्यू जर्सीत एका जुन्या सामानाच्या विक्रीत १९२९ सिरीजची वीसची नोट घेतली, वर 'नॅशनल करन्सी' छापलेलं, तपकिरी शिक्का, मी एकदम खूश. घरी भिंग लावून बघितलं तर चार्टर नंबर, म्हणजे त्या त्या बँकेला सरकारने दिलेला नोंदणी क्रमांक, तोच नाही, त्याजागी काळं ठळक बी अक्षर! म्हणजे ती फेडरल रिझर्व्ह बँक नोट, गावच्या बँकेची नाही तर अमेरिकेच्या मध्यवर्ती बँक व्यवस्थेतल्या विभागीय बँकेची, दिसायला सख्खी बहीण पण बऱ्यापैकी कॉमन, आणि मी दुप्पट पैसे मोजून बसलो होतो. तेव्हा १९२९ची घेताना दोन्ही कडांजवळ उभा छापलेला काळा चार्टर नंबर आहे ना ते आधी बघा. आणि प्लीज नोट धुऊ नका की इस्त्री करू नका, कागदाचा कडकपणा गेला की किंमत खाली येते.