शब्दचर्चा: 'उष्णकटिबंधीय रोग' हा शब्द वापरावा का?

प्रश्न: ट्रॉपिकल डिसीजला सगळीकडे उष्णकटिबंधीय रोग छापतात, वाचताना जीभ अडखळते. गावात वाटायच्या पत्रकासाठी सोपा शब्द सुचवा ना.

उत्तर: शब्द अवघड आहे त्यापेक्षा तो दिशाभूल करतो हे मला जास्त खुपतं. हवा गरम म्हणून रोग, असाच अर्थ लागतो त्याचा. कुष्ठरोग उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत आहे, आणि त्याचा जंतू हॅन्सेन या डॉक्टरला सापडला १८७३ मध्ये नॉर्वेत, बर्गनच्या थंडीत, तिथल्याच पेशंटांमध्ये. हिवताप तर इंग्लंडात केंट-एसेक्सच्या दलदलीत पिढ्यानपिढ्या होता. मग नाव आपल्याच हवेला का चिकटलं, तर या रोगांचं शास्त्र, ट्रॉपिकल मेडिसिन, हेच वसाहती चालवायला उभं राहिलं, लिव्हरपूलची ट्रॉपिकल मेडिसिनची संस्था १८९८ ची, लंडनची १८९९ ची, आणि पहिली काळजी तिकडे जाणाऱ्या गोऱ्या साहेबांच्या तब्येतीची. पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओन या ब्रिटिश वसाहतीतलं फ्रीटाउन घ्या. रोनाल्ड रॉस या ब्रिटिश डॉक्टरने १८९७ मध्ये सिकंदराबादला हिवतापाचा डास पकडला आणि दोन वर्षांनी तो फ्रीटाउनला गेला, तिथे डासांची डबकी बुजवून सगळ्या शहराचं भलं करता आलं असतं, पण आफ्रिकन पोरांच्या रक्तात जंतू सापडतात, डास ते गोऱ्यांपर्यंत नेतील म्हणून गोऱ्यांनाच वर डोंगरावर वेगळी वस्ती बांधून दिली, नाव हिल स्टेशन, १९०४ साल, खांबांवर उचललेले बंगले आणि खाली ऑफिसला यायला खास रेल्वे. त्याआधी १९०२ मध्ये वेस्ट आफ्रिकन मेडिकल स्टाफ ही सरकारी डॉक्टरांची सेवा निघाली तिची भरती फक्त युरोपियन वंशाच्यांना, म्हणजे आफ्रिकन डॉक्टर ब्रिटनमध्ये शिकून आला तरी बाहेरच. याला हवामान म्हणायचं?

प्रश्न: पटलं, पण 'दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोग' हे डब्ल्यूएचओचंच, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचंच, नाव आहे, ते कसं टाळू?

उत्तर: कार्यक्रमाचं अधिकृत नाव आहे तिथे एकदा लिहा. पण त्यांच्या यादीत खरूज आहे, रेबीज आहे, २०१७ पासून सर्पदंशही आहे, यातलं काय फक्त उन्हामुळे होतं? त्यातला 'दुर्लक्षित' शब्द मात्र मला कामाचा वाटतो, कोणी दुर्लक्ष केलं तेही सोबत सांगितलं तर. आफ्रिकेतल्या निद्रारोगावर, म्हणजे माशी चावून होणाऱ्या जीवघेण्या आजारावर, एफ्लोर्निथिन नावाचं औषध होतं, मरायला टेकलेला माणूस त्याने उठायचा, पण पेशंट गरीब, नफा नाही, म्हणून १९९५ च्या सुमारास ते बनवणं थांबवलं, आणि २००० मध्ये तेच औषध अमेरिकेत बायकांच्या चेहऱ्यावरचे केस कमी करायची क्रीम म्हणून बाजारात आलं! डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या डॉक्टरांच्या मदत-संघटनेने आरडाओरडा केला तेव्हा कुठे २००१ मध्ये निद्रारोगासाठी पुन्हा मिळायला लागलं. राग येतो हे वाचून.

पत्रकात सरळ रोगाचं नाव घाला, हत्तीरोग, काळा आजार, खरूज. हिवताप लिहिलं की आजीलाही कळतं. भूगोलातला उष्ण कटिबंध खुशाल राहू द्या, तो हवामानाचाच शब्द आहे.