अर्ली डिसिजन : पहिल्या पसंतीपायी हात बांधून घ्यावेत का?

धागाकर्ती :
अमेरिकेतील पदवी प्रवेशासाठी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज करणाऱ्यांपुढे प्रामुख्याने दोन पर्याय असतात. अर्ली ॲक्शनमध्ये निकाल लवकर कळतो आणि उत्तर द्यायला सहसा १ मेपर्यंत अवकाश मिळतो. अर्ली डिसिजनमध्ये मात्र प्रवेश मिळाल्यास इतर सर्व अर्ज मागे घेऊन तिथेच जाण्याच्या करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचे समुपदेशक सह्या करतात. ज्या कुटुंबाला आर्थिक मदतीवाचून शिक्षण परवडणार नाही, त्याने या दुसऱ्या वाटेला जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. रेग्युलर म्हणजे जानेवारीच्या सुमारास मुदत असलेल्या नेहमीच्या फेरीत अर्ज केला, तर मार्चअखेरीस तीन-चार कॉलेजांची मदतपत्रे शेजारी ठेवून कोणी किती अनुदान दिले आणि कोणी कर्जच मदत म्हणून दाखवले, हे ताडून पाहता येते. अर्ली डिसिजनच्या निकालानंतर डिसेंबरात हाती एकच पत्र असते.

प्रतिसाद १ :
मी असहमत आहे. मिळालेल्या मदतीत शिक्षण परवडणारच नसेल, तर प्रवेश नाकारून मोकळे होता येते. कॉमन ॲपच्या (अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करण्याच्या ऑनलाइन सोयीच्या) करारातच तशी तरतूद आहे. शिवाय काही नामांकित खासगी विद्यापीठे पहिल्या वर्षाच्या निम्म्याच्या आसपास जागा अर्ली डिसिजनमधून भरतात, म्हणजे जानेवारीपर्यंत थांबणारा विद्यार्थी उरलेल्या जागांसाठी कितीतरी मोठ्या गर्दीत उभा राहतो. कॉलेजच्या संकेतस्थळावरील नेट प्राइस कॅल्क्युलेटरमध्ये उत्पन्नाचे आकडे भरून खर्चाचा अंदाज घ्यावा आणि तो झेपणारा असेल, तर पहिली पसंती निःशंकपणे कळवावी.

प्रतिसाद २ :
त्या कॅल्क्युलेटरचा आधार सर्वांना मिळत नाही, कारण तो बहुतांशी अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठी बेतलेला असतो. विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांना संघीय (अमेरिकी केंद्र सरकारची) मदत मिळत नाही आणि अनेक कॉलेजे त्यांचे अर्ज तपासताना खर्च पेलण्याची ऐपतही विचारात घेतात. अशा विद्यार्थ्याने आधी सही करून मग पैशांचे बघू म्हणणे मला धोक्याचे वाटते. आणखी एक गोष्ट : सीएसएस प्रोफाइलसारख्या मदतीच्या अर्जांची मुदत प्रवेश अर्जाहून वेगळी असू शकते, तेव्हा ती स्वतंत्रपणे तपासावी.

धागाकर्ती :
करारातून सुटका होते हे खरे, पण कधी होते तेही पाहावे. निकाल डिसेंबरच्या मध्यास लागतो आणि रेग्युलर अर्जांची मुदत बहुधा १ जानेवारीच्या आगेमागे संपते. मधल्या दोन आठवड्यांत शाळेला नाताळची सुटी, समुपदेशक रजेवर आणि प्रत्येक कॉलेजचे वेगवेगळे निबंध लिहायचे बाकी. २००६ मध्ये हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी लवकर अर्जाची फेरीच बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा या पद्धतीचा लाभ आधीच सुस्थितीत असलेल्यांना होतो, हेच कारण पुढे केले होते.

प्रतिसाद १ :
आणि २०११ मध्ये दोघांनीही ती फेरी पुन्हा सुरू केली, कारण बहुतेक प्रतिस्पर्धी विद्यापीठांनी त्यांचे अनुकरण केले नव्हते.

धागाकर्ती :
सुरू केली, परंतु बंधन न घालता. त्यांच्याकडे लवकर अर्ज करणाऱ्याला इतर खासगी विद्यापीठांत लवकर अर्ज करता येत नाही, पण प्रवेश मिळाला तरी १ मेपर्यंत तुलना करता येते. माझा आग्रह तेवढ्याच सवलतीचा आहे.

प्रतिसाद १ :
व्हिसावरील विद्यार्थ्यांबाबतचा मुद्दा मला मान्य आहे. रहिवासी कुटुंबांबाबत मात्र माझे मत कायम आहे. त्यांनी रेग्युलरचे निबंध नोव्हेंबरातच लिहून ठेवावेत आणि अर्ली डिसिजनचा अर्ज अवश्य करावा.